भूमीचे ऐकावयास शिकविणारे प्राध्यापक : जॉन मिल्न

दरवर्षी २८ ऑक्टोबरला संत यूदाच्या सणासाठी आपल्यापैकी काही जण झाशीस येतात. तीर्थस्थानाचे दर्शन झाले, मिस्सा झाली, की बहुतेकांची पावले किल्ल्याकडे वळतात. राणी लक्ष्मीबाईंमुळे मराठी माणसाला तो किल्ला परका वाटत नाही. किल्ला ज्या खडकाळ टेकडीवर उभा आहे त्या खडकाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तो ग्रॅनाइट आहे, आणि पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांत त्याची गणना होते. झाशीच्या बाहेर पडून बुंदेलखंडात थोडे हिंडलात तर याच ग्रॅनाइटच्या माळावर आणखी एक नवल दिसेल. पांढरट गारगोटीचे लांबच लांब उंचवटे, एखाद्याने भिंत घालावी तसे, मैलोगणती सरळ गेलेले आढळतील. त्यांची दिशा बहुधा ईशान्य-नैर्ऋत्य असते.

या भिंती कोणी बांधल्या नाहीत. फार प्राचीन काळी तेथे धरणी फाटली. त्या भेगांतून सिलिकायुक्त उष्ण पाणी वर आले, थिजले, आणि त्याची गारगोटी झाली. भोवतालचा ग्रॅनाइट ऊनपावसाने झिजून खाली गेला व कठीण गारगोटी उभी राहिली. जुन्या राजांनी दोन उंचवट्यांमधील खिंडी बांध घालून अडविल्या आणि तलाव केले. बुंदेलखंडाची तहान त्या तलावांनी शतकानुशतके भागविली आहे.

भेग पडली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेने सरकले, म्हणजे भूविज्ञान तिला भ्रंश म्हणते. कोणी विभंग म्हणतात, शाळेच्या पुस्तकांत प्रस्तरभंग असाही शब्द आढळतो. शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे मला भ्रंश हाच शब्द नेमका वाटतो. स्थानावरून ढळणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि खडकाचे होते तेही तेच. जो भ्रंश गारगोटीने भरून उंचवटा होऊन उभा राहिला तो आंधळ्यालाही चाचपडता येईल. पण जो मातीखाली, शेताखाली, गावाखाली दडला आहे, तो कसा ओळखावा? विहीर कोठे खणावी, धरणाचा पाया कोठे घालावा, घर कोठे बांधू नये, हे प्रश्न त्या ओळखण्यावर अवलंबून असतात.

आज भूविज्ञानाचा विद्यार्थी हे काम मैदानात उभा राहून शिकतो. जमिनीला धक्का द्यावयाचा आणि तो धक्का खडकातून कसा जातो ते यंत्रांनी ऐकावयाचे. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत एका शिक्षकाचे नाव अग्रभागी येते. ते म्हणजे जॉन मिल्न. त्यांची आधुनिक भूकंपशास्त्राचे जनक म्हणून ख्याती आहे. पण या लेखात त्यांची ओळख मी शिक्षक म्हणूनच करून देणार आहे. तीही एका अशा घटनेपासून, जी पवित्र शास्त्राच्या वाचकास विशेष जवळची वाटावी.

मिल्न यांचा जन्म ३० डिसेंबर १८५० रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. त्यांचे बालपण रॉचडेल येथे गेले. लंडनच्या किंग्ज कॉलेजात व नंतर खाणविद्येच्या राजविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे न्यूफाउंडलंड व लॅब्रॅडोर येथे खनिजांच्या शोधात त्यांनी दोन वर्षे घालविली. तेथून परतल्यावर त्यांना एक विलक्षण निमंत्रण आले. चार्ल्स बेक नावाचे त्र्याहत्तर वर्षांचे एक विद्वान प्रवासी सिनाय पर्वताच्या शोधास निघाले होते. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायातील वर्णन आपणांस ठाऊक आहे. पर्वत धुराने वेढला होता, भट्टीसारखा धूर वर चढत होता आणि सगळा डोंगर थरथरत होता. या वर्णनावरून बेक यांनी असे ठरविले होते की सिनाय हा ज्वालामुखी असला पाहिजे आणि तो रूढ समजुतीच्या द्वीपकल्पात नसून अकबाच्या आखाताच्या पूर्वेस असला पाहिजे. आपले मत त्यांनी पुस्तिकेतून छापूनही टाकले होते. आता ते सिद्ध करण्यासाठी सोबत एक भूवैज्ञानिक हवा होता. तेवीस वर्षांचे मिल्न त्यांच्याबरोबर निघाले.

१८७४ च्या आरंभी ते अकबास पोहोचले. बेक यांनी निश्चित केलेल्या डोंगरावर मिल्न चढून गेले. तेथे बळी अर्पण केल्याच्या जुन्या खुणा त्यांना आढळल्या, पण ज्वालामुखीचा मागमूसही आढळला नाही. लाव्हा नाही, राख नाही, मुख नाही. सगळा डोंगर ग्रॅनाइटचा. खाली येऊन त्यांनी वृद्ध पुढाऱ्याला जे दिसले ते सांगितले. तरुण मदतनिसाला हे सांगणे सोपे नसावे, कारण ज्याच्या खर्चाने आपण आलो त्याच्या सिद्धांताचा आधारच आपण काढून घेत आहोत, हे त्यांना कळत होते. बेक यांचा मोठेपणा असा की ज्वालामुखीबद्दलची आपली चूक त्यांनी मान्य केली. हाच आपला सिनाय, हा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ज्वालामुखी नाही म्हणून पवित्र शास्त्राचे काही उणे झाले असे त्यात नाही. एका विद्वानाने शास्त्रलेखावर लादलेली कल्पना तेवढी गळून पडली. खडकाने जे सांगितले ते मिल्न यांनी जसेच्या तसे खाली आणले. पुढे सतरा वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या मताची अशीच परीक्षा व्हावयाची होती.

१८७५ साली जपान सरकारने त्यांना टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणविद्या व भूविज्ञान यांचे प्राध्यापक म्हणून बोलाविले. मिल्न यांना समुद्र लागत असे. म्हणून या गृहस्थांनी जहाजाचा प्रवास शक्य तितका टाळून युरोप, रशिया, सायबेरिया, मंगोलिया आणि चीन असा खुष्कीचा मार्ग धरला, आणि तोही ऐन हिवाळ्यात! कित्येक महिन्यांच्या या प्रवासानंतर ८ मार्च १८७६ रोजी ते टोकियोत पोहोचले. पहिल्याच रात्री भूकंपाच्या धक्क्याने त्यांचे स्वागत केले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, टोकियोत राहणाऱ्यास भूकंपाची वाट फार दिवस पाहावी लागत नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. इंग्रजीत भूकंपशास्त्राला जे नाव आहे ते आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घडविले, आणि त्यासाठी सैस्मोस हा ग्रीक शब्द घेतला. नव्या कराराचा अभ्यास करणाऱ्यास तो परिचित आहे. प्रभूच्या मरणसमयी खडक फुटले तेव्हा, पुनरुत्थानाच्या पहाटे, आणि फिलिप्पैच्या तुरुंगात पौल व सीला यांच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर, या सर्व ठिकाणी हाच शब्द किंवा त्याचे भावंड आहे. परंतु मत्तयाने आठव्या अध्यायात गालील समुद्रावरील वादळासाठीही नेमका हाच शब्द वापरला आहे. मराठीत तेथे भूकंप म्हणता येत नाही. तळ्यावर वादळच व्हावयास हवे, आणि भाषांतरकारांनी तसे केले ते योग्यच केले. तथापि मूळ शब्दाचा अर्थ नुसता भूमीचा कंप असा नाही. हलणे, हादरणे, मग ते पाण्याचे असो वा जमिनीचे, एवढा तो व्यापक आहे. मिल्न यांनी आपल्या विद्यार्थ्यांना जे शिकविले त्याचे सार पुष्कळसे याच व्यापक अर्थात आहे. जमीनही पाण्यासारखी लाटा वाहून नेते.

टोकियोत मिल्न यांच्या हाताखाली खाणींचे अभियंते तयार होत होते. देश घाईने नव्या विद्या आत्मसात करीत होता. विटांच्या गिरण्या, लोखंडी पूल, रेल्वे उभी राहत होती आणि ही नवी बांधकामे धक्क्यात कशी टिकतील हे कोणालाच सांगता येत नव्हते. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामा येथे मोठा धक्का बसला. त्यानंतर त्याच वर्षी मिल्न यांच्या पुढाकाराने जपानची भूकंप परिषद स्थापन झाली. केवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी स्थापन झालेली ही जगातील पहिली संस्था होय. थॉमस ग्रे आणि जेम्स ईविंग या सहकाऱ्यांसह त्यांनी अशी यंत्रे सिद्ध केली की जमीन हलली तरी एक लोलक जवळजवळ स्थिर राहावा आणि त्याच्या लेखणीने हलत्या जमिनीचे चित्र रेखाटावे.

यंत्रे थोडी होती, म्हणून त्यांनी पोस्टकार्डांचा उपाय काढला. टोकियोभोवतालच्या गावोगावच्या कचेऱ्यांना त्यांनी पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठविले. धक्का जाणवला तर किती वाजता, कसा, एवढे लिहून दर आठवड्याला कार्ड टपालात टाकावयाचे. ती कार्डे नकाशावर मांडल्यावर आढळले की टोकियोला जाणवणारे पुष्कळ धक्के ईशान्येकडून, समुद्राच्या बाजूने येतात. कार्डांची किंमत ती काय, पण त्यातून एका देशाच्या पायाखालचा नकाशा उमटू लागला!

तरीही भूकंपाची वाट पाहत बसणे हे शिक्षकाच्या कामाचे नव्हते. भूकंप सांगून येत नाही आणि तासिकेची घंटा त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून त्यांनी स्वतःच छोटे भूकंप घडविण्यास आरंभ केला. या वाटेवर रॉबर्ट मॅलेट त्यांच्या आधी गेले होते. १८४९ साली डब्लिनजवळच्या किलिनी येथील समुद्रकाठच्या वाळूत दारू पुरून त्यांनी स्फोट केले होते व लाट ठरावीक अंतर किती वेळात कापते ते मोजले होते. मिल्न यांनी व ग्रे यांनी उंचावरून वजनदार गोळा जमिनीवर पाडला, पुढे सुरुंगाचे स्फोट केले, आणि ओळीने मांडलेल्या यंत्रांत त्याची नोंद घेतली. एकाच धक्क्यातून दोन प्रकारचे कंप निघतात, एक लाटेच्या दिशेने ढकलणारा व दुसरा आडवा, आणि ते सारख्या वेगाने जात नाहीत, हे त्यांनी मैदानात पाहिले. महाविद्यालयाच्या आवारात निरनिराळ्या ठिकाणी यंत्रे ठेवून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. एकाच भूकंपात आवाराचा एक कोपरा फार हलतो आणि थोड्याच अंतरावरील दुसरा कोपरा त्या मानाने स्वस्थ असतो. विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगला धडा कोणता? पुस्तकात भूमी एकसारखी असते, आवारात नसते.

या पद्धतीने दडलेला भ्रंश कसा सापडतो ते सांगतो. त्यासाठी आपण पुन्हा झाशीच्या माळावर येऊ. झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठात भूविज्ञान शिकविले जाते, आणि या शास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगले अंगण क्वचित लाभेल. समजा, शेताच्या काळ्या-तांबड्या मातीखाली ग्रॅनाइट आहे. विद्यार्थी सरळ रेषेत, पाच-पाच मीटर अंतरावर, बारा छोटी ग्राहक यंत्रे जमिनीत रोवतात. रेषेच्या टोकाशी लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घणाचा घाव घालतात. घाव बसताच घड्याळ सुरू होते. सैल मातीतून लाट सेकंदाला सुमारे चारशे मीटर जाते असे धरा. पन्नास मीटर जावयास तिला सेकंदाचा आठवा भाग लागेल. पण अभंग ग्रॅनाइटमध्ये तीच लाट सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावते, म्हणजे तेवढेच अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात. त्यामुळे दूरच्या यंत्राकडे जी लाट प्रथम पोहोचते ती मातीतून सरळ आलेली नसते. ती खाली खडकात उतरते, खडकाच्या पाठीवरून धावते आणि पुन्हा वर येते. आडरस्त्याने चालत जाण्यापेक्षा थोडे मागे येऊन आगगाडी धरणारा प्रवासी जसा आधी पोहोचतो, तसेच हे.

आता प्रत्येक यंत्रापर्यंत लागलेला वेळ कागदावर मांडला, तर अखंड खडकावर ठिपके एका सरळ रेषेत येतात. पण मध्येच सातव्या यंत्रापासून पुढचे सगळे ठिपके एकदम वर सरकले, म्हणजे लाटेला तेथून उशीर होऊ लागला, तर खाली काहीतरी घडले आहे. खडकाची पाठ तेथे पायरीसारखी खाली गेली असेल, किंवा खडक चुरडलेला असेल. चुरडलेल्या खडकात लाट मंदावते. तेथे भ्रंशाची शंका घ्यावी. शंकाच, निर्णय नव्हे. चांगला शिक्षक येथे विद्यार्थ्याचा हात धरतो. रेषेच्या दुसऱ्या टोकाहून घाव घाल, म्हणतो; कारण नुसता उतार असेल तर एका बाजूने वेग कमी व दुसऱ्या बाजूने अधिक भासेल, पायरी असेल तर ती दोन्ही बाजूंनी त्याच जागी दिसेल. मग शेजारी समांतर दुसरी रेषा मांड, तिसरी मांड. बुजलेला जुना ओढादेखील असाच उशीर दाखवितो. तीन रेषांवरील खुणा एका ओळीत येऊन, त्याच ओळीत पुढे उघड्या खडकावर घासल्याच्या खुणा आढळल्या, तरच भ्रंश म्हणावे. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी साचते ते मुख्यतः अशाच भेगांत व चुरडलेल्या पट्ट्यांत. त्यामुळे विद्यार्थ्याची चूक झाली तर ती उत्तरपत्रिकेवर राहत नाही. कोणाचे तरी कर्ज काढून खणलेले विंधनविवर कोरडे जाते.

ही पद्धत या रूपात मिल्न यांच्या हयातीनंतर आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत लुडगर मिंट्रॉप यांनी तिचा भूमिगत रचना शोधण्यासाठी उपयोग केला, आणि तेल शोधणाऱ्यांनी ती जगभर नेली. पण धक्का द्या, रेषेत ऐका, वेळ मोजा, जागा बदलून पुन्हा पाहा, ही शिस्त टोकियोच्या आवारात रुजली होती.

आता ती परीक्षा. १८८६ साली मिल्न यांनी भूकंपांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भूकंपाचे मूळ कारण काय, या प्रश्नावर त्यांचा कल असा होता की बहुतेक भूकंप समुद्राखाली होतात; भेगांतून पाणी तापलेल्या खडकापर्यंत जाऊन वाफेचे स्फोट होतात आणि त्याने धरणी हादरते. खडक तुटून व सरकूनही काही भूकंप होतात हे त्यांनी मानले होते, पण त्यांचा वाटा थोडा. त्या काळी हे मत अपवादात्मक नव्हते. भ्रंश दिसला तरी तो भूकंपाचा परिणाम असेल, कारण नव्हे, असे अनेक जण म्हणत.

२८ ऑक्टोबर १८९१ च्या सकाळी मध्य जपानमधील मिनो व ओवारी प्रांत हादरले. सात हजारांहून अधिक माणसे मरण पावली. नव्या विटांच्या गिरण्या कोसळल्या, नागारा नदीवरील लोखंडी पूल मोडून पडला. मिल्न तेथे गेले, आणि नंतर छायाचित्रांसह त्यांनी या आपत्तीवर पुस्तक केले. पण त्या भूकंपाचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र नेओच्या खोऱ्यातील मिदोरी गावचे आहे. गावचा रस्ता सरळ येतो आणि एकाएकी सुमारे सहा मीटर उंचीच्या मातीच्या भिंतीशी थांबतो. एका रात्रीत नव्हे, काही क्षणांत, भूमीची एक बाजू वर आली व आडवीही सरकली. अशी फाट सुमारे ऐंशी किलोमीटरपर्यंत शेतांतून, डोंगरांतून गेली होती.

टोकियोचे तरुण जपानी प्राध्यापक कोतो बुंजिरो ही फाट पायी तपासत गेले. १८९३ साली त्यांनी लिहिले की भूकंपाने भ्रंश केला नाही. भ्रंश सरकला, आणि म्हणून भूकंप झाला. मिल्न त्यावेळी भूकंपशास्त्रातील जगातील सर्वांत मोठे नाव होते आणि कोतो यांच्या निष्कर्षाने त्यांच्या ग्रंथातील क्रम उलटा होत होता. मिल्न यांनी त्याला विरोध केला नाही. पुढील लेखनात त्यांनी मोठ्या भूकंपांचे कारण म्हणून खडकांच्या तुटण्या-सरकण्याला प्रमुख स्थान दिले. अकबाच्या डोंगरावरून खाली येऊन त्यांनी जे बेक यांना ऐकविले होते, ते आता त्यांना एका जपानी विद्वानाकडून ऐकावयाचे होते, आणि त्यांनी ते ऐकले. जे आपण दुसऱ्यास शिकवितो ते आपणांस लागू झाले म्हणजे किती जड जाते, हे आपल्यापैकी उपदेशपीठावर उभे राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

जपानी माणसांशी त्यांचे नाते नोकरीपुरते नव्हते. १८८१ साली त्यांनी होरिकावा तोने या स्त्रीशी विवाह केला. त्या उत्तरेकडील हाकोदाते येथील बौद्ध मठाधिपतीच्या कन्या होत्या. विद्यार्थ्यांना बरोबरीने वागविण्याचीही त्यांची ख्याती होती. सेकिया सेइकेई हे १८८६ साली भूकंपशास्त्राचे जगातील पहिले प्राध्यापक झाले. भूकंपात मातीचा एक कण कसकसा फिरतो हे तारा वळवून त्यांनी प्रतिकृतीत दाखविले. क्षयाने ते लवकर गेले. त्यांच्यानंतर ओमोरी फुसाकिची आले. १८९१ च्या भूकंपानंतरचे लहान धक्के मोजून त्यांनी ते कालांतराने कोणत्या नियमाने विरळ होत जातात हे शोधले. तो नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

फेब्रुवारी १८९५ मध्ये टोकियोतील मिल्न यांचे घर आगीत भस्म झाले. यंत्रे, ग्रंथसंग्रह, कित्येक वर्षांच्या नोंदी गेल्या. वीस वर्षांच्या जवळपास राहून ज्या देशाला त्यांनी आपले मानले तो सोडून त्याच वर्षी ते पत्नीसह इंग्लंडला परतले आणि आयल ऑफ वाइट या बेटावर शाइड येथे राहिले. सम्राटांनी त्यांना उगवत्या सूर्याचा पदकसन्मान व निवृत्तिवेतन दिले. वय चव्वेचाळीस, हातातले सगळे जळालेले. पण शाइडच्या घरामागे त्यांनी पुन्हा यंत्र मांडले. हिरोता नावाचा जपानी साहाय्यक त्यांच्याबरोबर आला होता.

१८८३ सालीच त्यांनी असे भाकीत केले होते की मोठा भूकंप पृथ्वीच्या पाठीवर कोठेही झाला तरी योग्य यंत्राने तो कोठूनही टिपता येईल. १८८९ साली जपानमधला भूकंप जर्मनीत पॉट्सडॅम येथे खरोखरच टिपला गेला. आता मिल्न यांनी ब्रिटिश विज्ञान संस्थेच्या मदतीने आपली यंत्रे जगभर पाठविली. कॅप्टन स्कॉट यांच्या पहिल्या मोहिमेबरोबर एक यंत्र दक्षिण ध्रुवप्रदेशातही गेले. आणि १८९८ साली एक आमच्या मुंबईस, कुलाब्याच्या वेधशाळेत आले. नानाभॉय मूस तेव्हा तिचे संचालक होते. त्या पदावरील ते पहिले भारतीय. कलकत्त्यास अलीपूर येथे व दक्षिणेत कोडाईकनाल येथेही यंत्रे बसली.

भारताला त्यांची निकड होतीच. १२ जून १८९७ रोजी आसामचा महाभूकंप झाला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास करताना चेद्रांग नदीच्या काठाने ताजा भ्रंश नोंदला आणि युरोपातील यंत्रांच्या आलेखांत निरनिराळ्या वेगाच्या लाटा वेगळ्या करून दाखविल्या. १९०६ साली दूरदूरच्या ठाण्यांच्या नोंदींवरून त्यांनीच पृथ्वीला निराळा गाभा असल्याचे सिद्ध केले. घणाच्या घावाने शेताखालचा खडक कळतो, तसा भूकंपाच्या घावाने पृथ्वीचा गाभा कळला.

वाचकहो, महाराष्ट्राला यातले काही परके नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपेत असता, किल्लारी व भोवतालची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. तेव्हाच्या नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. काळ्या पाषाणाखाली काय दडले आहे ते पाहावयास कोणी गेले नव्हते, कारण तेथे काही नाही अशी सर्वांची खात्री होती. २२ मे १९९७ च्या जबलपूरच्या धक्क्याने नर्मदेच्या भ्रंशांची आठवण करून दिली. झाशीचा ग्रॅनाइट स्थिर म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण तपासून म्हणावे.

मिल्न यांचे निधन ३१ जुलै १९१३ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने झाले. बार्टन येथील संत पौलाच्या चर्चच्या स्मशानभूमीत त्यांस पुरले. तोने काही वर्षांनी जपानला, आपल्या हाकोदातेला, परत गेल्या.

ओमोरी तोवर जपानमधील सर्वश्रेष्ठ भूकंपतज्ज्ञ झाले होते. १९०५ साली त्यांचे सहकारी इमामुरा यांनी टोकियोला मोठा भूकंप होऊन आगी लागतील असा इशारा दिला, तेव्हा लोकांत घबराट पसरेल म्हणून ओमोरींनी तो जाहीरपणे खोडून काढला होता. १९२३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी ते ऑस्ट्रेलियात होते. सिडनीजवळ येशूसंघाच्या रिव्हरव्ह्यू महाविद्यालयात फादर एडवर्ड पिगट यांची वेधशाळा होती, ती पाहावयास ते गेले होते. ते यंत्राजवळ असतानाच लेखणी हलू लागली, आणि रेषा मोठ्या होत गेल्या. आपल्या गुरूने चाळीस वर्षांपूर्वी केलेले भाकीत त्यांच्या डोळ्यांसमोर कागदावर उतरत होते, आणि तो भूकंप टोकियोचा होता. त्यात व नंतरच्या आगीत एक लाखाहून अधिक माणसे मेली. ओमोरी आजारी अवस्थेत जहाजाने परतले, आणि ८ नोव्हेंबर रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मेंदूच्या विकाराने त्यांचा अंत झाला.